वालबोर्गबाईंच्या दगडामागचा नेचा

स्वेनबॉर्ग,
जानेवारी सरता सरता, आभाळ नेहमीचंच

आदरणीय डाग्नीताई,

एस्किलचा नमस्कार. तुमचा गुडघा, तुमचं मांजर आणि तळघरात भुशात झोपवलेले डेलियाचे कंद (यांत आधी कुणाची चौकशी करायची असते हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही) ही तिन्ही मंडळी सुखरूप आहेत असं धरून चालतो. एरो बेटावर वारा आहे का, हे विचारत नाही. तुमच्या फोनमध्ये तुमच्यापेक्षा तोच जास्त बोलतो. तुम्ही नाताळात पाठवलेला मुरंबा संपला. बरणी धुऊन ठेवली आहे. माझी तब्येत माझ्या वयाला शोभेल अशी आहे. बाकी स्वेनबॉर्गात माझ्याबद्दल डिसेंबरपासून जे बोललं जातंय ते फेरीबोटीतून तुमच्या बेटावर पोचलं असेलच. एस्किल म्हातारपणी एका बाईच्या नादी लागलाय आणि ती बाई मेलेली आहे, असं लोक म्हणतात. लोक म्हणतात ते खरं आहे. पण तुम्हाला वाटेल तसं ते नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. चहा-कॉफी जे काय असेल ते जवळ घेऊन बसा.

मी सावलीचा माणूस, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा मागच्या अंगणात डोकावून म्हणाला होतात, “अगं रिगमोर, तू इथे राहतेस की तुला इथे पुरलंय?” (मी स्वयंपाकघरात होतो. मला ऐकू आलं होतं. राग आला नाही, कारण त्याच दिवशी माझ्या होस्टाच्या रोपाला तळहाताएवढी पानं आली होती आणि मी कुणावरही रागावण्याच्या स्थितीत नव्हतो.) उन्हाळ्यात शेजाऱ्याचा चेस्टनट माझ्या अंगणावर असा पसरतो, की दुपारीही खाली हिरवा काळोख असतो, आणि त्या काळोखात माझे होस्टा आणि नेचे जे काही करतात ते तुमच्या डेलियांना सात जन्म जमणार नाही. पण हिवाळ्यात सगळाच निकाल लागतो. या देशात नोव्हेंबरपासून झाडून सगळे उजेडासाठी झुरत असतात. दिव्यासमोर तोंड करून बसतात, गोळ्या घेतात, ज्यांना परवडतं ते स्पेनला जातात. मी एकटाच असा, की ज्याची तक्रार सावली नाही ही आहे. सावली पडायला पानं लागतात हो! चेस्टनट नागडा झाला की जे काही चार किरण येतात ते थेट माझ्या चिखलावर पडतात आणि तिथे काय काय उरलेलं नाही ते नीट दाखवतात. होस्टा पहिल्या कडक थंडीत शिजवून विसरलेल्या कोबीसारखे होतात, नेच्यांची काळी सुतं होतात, आणि मार्चपर्यंत बागेत उभ्या राहतात त्या फक्त मी लिहिलेल्या नावाच्या पाट्या.

अशा वेळी हिरवं बघायची भूक लागते. खरीच भूक, पोटात जाणवते तशी. सुपरमार्केटमध्ये मी केलच्या पालेभाजीच्या जुड्यांसमोर इतका वेळ उभा राहिलो, की तिथल्या मुलीनं येऊन हळूच विचारलं, “काही आठवत नाहीये का, आजोबा? कुणाला फोन करू का?” शेजाऱ्यानं तर प्लास्टिकचा नेचा आणून देऊ का असं विचारलं. त्याच्याशी मी आठवडाभर बोललो नाही. रिगमोर होती तेव्हा ही भूक एवढी टोचत नसे. ती रोज सकाळी खिडकीतून त्या चिखलाकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणायची, “एस्किल, तुझी बाग आज फारच खुललीय.” मग आम्ही हसायचो आणि ब्रेडला लोणी लावायचो. आता ते वाक्य कुणी बोलत नाही. चिखल तोच आहे, लोणीही तेच आहे, पण सकाळ सुरूच होत नाही.

आता ज्या विषयावर आपलं फोनवर दर वेळी बिनसतं त्याकडे येतो. रिगमोरला कबरीवर स्वतःचा दगड नको होता. दफनभूमीतल्या अनामिकांच्या हिरवळीत राख ठेवा, वर गवत, नाव नाही, खूण नाही, हे तिनं सही करून ठेवलं होतं. आणि माझीही सही घेतली होती, म्हणजे मीही तिथेच. कारण विचारलं तर म्हणाली, “दगड ठेवलास तर तू रोज येऊन त्याच्या कडेचं गवत उपटत बसशील. मला तुझे गुडघे ठाऊक आहेत.” तुम्ही तेव्हा रागावून म्हणालात, की माझ्या बहिणीला साधी पाटीसुद्धा नाही, आणि याच्या होस्टाला मात्र लॅटिनमधून पाट्या. कलश ठेवताना नातेवाइकांना बोलावत नाहीत, जागा सांगत नाहीत. गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात त्या मोठ्या हिरवळीत कुठेतरी तिला ठेवलं, आणि तेव्हापासून तुम्ही स्वेनबॉर्गला आलेल्या नाहीत. “येऊ कुठे?” असं तुम्ही फोनवर विचारलंत. मी “बरं, ठेवतो,” म्हणालो आणि फोन ठेवला.

मी मात्र जात होतो. पण त्या हिरवळीवर माणसाला उभं राहता येत नाही हो, ताई. भर मैदान. एक झाड नाही, म्हणजे सावलीच्या माणसाला पाय टेकायला जागा नाही. (रिगमोरनं चाळीस वर्षं माझ्या सावलीत काढली आणि शेवटी जागा निवडली ती सगळ्या दफनभूमीतली सर्वांत उघडी. यातून तिला काही सुचवायचं होतं का, याचा विचार मी करत नाही. निदान दिवसा करत नाही.) हिवाळ्यात ते गवतही पिवळं पडतं. तिथे काही लावायला मनाई. फुलं ठेवायची तर कडेच्या एका चौथऱ्यावर, सगळ्यांची एकत्र. आणि बघायचं कुठे? डावीकडे बघितलं तर वाटतं उजवीकडे असेल. मी दोनदा जाऊन माघारी आलो. तिसऱ्यांदा बर्फ भुरभुरत होता, म्हणून उत्तरेच्या भिंतीला यूची जुनी काळपट झाडं आहेत त्यांच्या खाली आडोशाला गेलो, आणि तिथे, एका दगडामागे, तो दिसला.

नेचा! गाईच्या जिभेएवढी लांब, अखंड, चकचकीत पानं. भर जानेवारीत, बर्फाच्या काठाला, असा हिरवा की डोळ्यांत पाणी आलं. (वारा होता.) दगडावर नाव होतं वालबोर्ग थ्यूसन. तिथे खूप वर्षांत कुणी आलेलं नसावं. दगडाला शेवाळ चढलं होतं, तेही उत्तम प्रतीचं. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. घरी आलो आणि बऱ्याच महिन्यांनी मला जेवण गेलं. मग मी दर रविवारी जायला लागलो. पानांवर बर्फ साचला तर मोडतात, म्हणून घरून दाढीचा जुना ब्रश नेऊ लागलो. दुरून बघणाऱ्याला काय दिसत असेल याचा विचार मला करायला हवा होता. एक म्हातारा एका बाईच्या कबरीशी गुडघ्यांवर बसलाय आणि काहीतरी हळुवार झटकतोय, असंच ते दिसत असणार.

दफनभूमीची माळीण योन्ना ही आवाजानं सगळी झाडं हलवील अशी बाई आहे. तिनं एकदा हातगाडी थांबवून विचारलं, “या तुमच्या कोण लागायच्या?” मी म्हणालो, “ओळख आहे.” ते खोटं नव्हतं. दोन महिन्यांची ओळख होतीच. योन्नानं मान तिरकी केली, “असं होय!” म्हणाली आणि निघून गेली. त्या “असं होय”मध्ये काय काय शिजलं होतं ते मला पुढच्या नोव्हेंबरात कळलं.

नोव्हेंबरात, तुम्हाला माहीतच आहे, सगळ्या कबरींवर स्प्रूसच्या फांद्या रचतात. वालबोर्गबाईंच्या कबरीच्या देखभालीचा करार जुना होता, त्यात दर हिवाळ्याच्या फांद्या धरलेल्या होत्या. रविवारी गेलो तर माझा नेचा गाडला गेलेला! हिरव्यावर हिरवं घालण्याची ही कुठली रीत? मी फांद्या उचलून बाजूला लावल्या, अगदी व्यवस्थित. पुढच्या रविवारी त्या परत जागेवर. मी परत काढल्या. हे युद्ध महिनाभर चाललं, दोन्ही बाजूंनी एक शब्द न बोलता, आणि मला कबूल करायला हरकत नाही, की रिगमोर गेल्यापासून इतका उत्साह मला कशातच वाटला नव्हता. शेवटी योन्नानं मला रंगेहाथ पकडलं. “काय चाललंय काय? थंडी नाही का वाजायची त्यांना?” मी म्हणालो, नेच्याला हवा लागते. “नेच्याला!” योन्ना कंबरेवर हात ठेवून म्हणाली. “अहो, लाजता कशाला? तुम्हाला त्यांचा दगड उघडा बघायचा असतो, सरळ सांगा ना. मी काय लहान आहे?” मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, “पण किती दिवस बघणार? मुदत संपली यांची. नाताळ झाला की काढून टाकणार.” आणि तिनं दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवलेला कागद दाखवला. नातेवाइकांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.

आपल्या देशात मेल्यावरही माणूस भाड्याच्याच जागेत राहतो, हे मी विसरलो होतो. दगड उचलणार, त्याची खडी होणार, माती उकरून सपाट करणार. नेचा तर कुणी बघणारही नाही. ताई, मी त्या दिवशी घरी चालत आलो तो कसा आलो मला आठवत नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस एका नेच्यासाठी इतका हादरतो का, असं तुम्ही म्हणाल. मीही रस्ताभर स्वतःला तेच म्हणत होतो. नेचे विकत मिळतात. पण मला नर्सरीत उभं राहायचं नव्हतं. मला तिथेच उभं राहायचं होतं.

योन्नानं माझ्यावर दया करून (तिच्या मते) वालबोर्गबाईंच्या मुलीला फोन केला. ती लिस्बेट, ऑर्हूसला असते. चांगली पन्नाशीची बाई, उंच, बोलताना हातमोजे काढते आणि परत घालते. नाताळाआधीच्या एका रविवारी ती आईचा दगड शेवटचा बघायला आली, आणि तिथे मी होतो, ब्रशासकट. ती मला जवळजवळ हाताला धरून कोपऱ्यावरच्या बेकरीत घेऊन गेली. कॉफी आणि क्रिंगल मागवला. मी मोठा घास घेतला. तेवढ्यात ती म्हणाली, “आई एकटीच होती. टेलिफोनच्या नोकरीत सगळ्या गावाचे आवाज ऐकले, पण घरी कुणाचा नाही. मी लांब गेले, यायचे कमी झाले. इतकी वर्षं मला वाटायचं की ती अगदी एकटी गेली. योन्नानं तुमच्याबद्दल सांगितलं आणि मी गाडी थांबवून रडले. कुणीतरी होतं. तुम्ही होतात ना?” ताई, माझ्या तोंडात घास होता. नाही म्हणायला तोंड रिकामं लागतं. मी मान हलवली. ती वरून खाली हलली. घास गिळेपर्यंत लिस्बेटनं माझा हात धरला होता आणि कबर तुमच्याच नावावर करून देते, तुमचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे, असं म्हणून झालं होतं.

म्हणजे बघा, हवं होतं ते आयतं मिळालं. नेचा वाचला. आणि मला झोप येईना. लिस्बेट नाताळचं कार्ड पाठवते, त्यावर आईचा तरुणपणीचा फोटो. बेकरीवाली मला बघून जास्तीचा क्रिंगल बांधते. गावात बायका माझ्याकडे बघून हसतात, तेही चांगल्या अर्थानं. रिगमोर असती तर पोट धरून हसली असती आणि मग म्हणाली असती, “आता फोन कर.” ते दुसरं वाक्य मला इतकं स्पष्ट ऐकू आलं, की मी उठून फोन केला. म्हणालो, “लिस्बेट, मी तुमच्या आईला ओळखत नव्हतो. कधी पाहिलंही नाही. मी नेच्यासाठी येतो.” मग ती म्हणाली, “कुठला नेचा?” मी सांगितलं. मी, मूर्खासारखं, त्याचं लॅटिन नावही सांगितलं. “म्हणजे दर रविवारी, बर्फात, तुम्ही एका झाडासाठी गुडघ्यांवर बसता?” मी हो म्हणालो. ती चिडली होती, आणि का चिडू नये? मी तिच्या आईजवळचं माणूस काढून घेतलं होतं. मला वाटलं, आता फोन आपटेल. पण तिनं विचारलं, “खरं सांगा. तिथे तुमचं कोण आहे?”

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “बायको. समोरच्या हिरवळीत. नेमकी कुठे ते माहीत नाही. तुमच्या आईच्या दगडापाशी उभं राहिलं की सगळी हिरवळ एका नजरेत येते, म्हणजे ती जिथे असेल तिथे दिसतेच.” आणि मग मी रडलो, ताई. फोनवर, एका परक्या बाईजवळ. तीही रडत होती, पण वेगळ्या कारणानं, आणि कुणी कुणाची समजूत काढायची हे न ठरल्यामुळे आम्ही फोन ठेवला.

नंतर नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, लिस्बेटचा पत्ता नाही. दगडावरचा कागद तसाच. मी योन्नासमोर जायचं टाळत होतो, म्हणून ती हातगाडी घेऊन माझ्या मागे आली. “अहो नेचेवाले!” सगळ्या दफनभूमीला ऐकू जाईल अशा आवाजात. (म्हणजे तिलाही कळलं होतं.) “कार्यालयात जा आणि सही करा. लिस्बेट म्हणाली, कबर यांच्याच नावावर करा. दगड हलवायचा नाही, नाव पुसायचं नाही, आणि आल्यावर आधी माझ्या आईची विचारपूस करायची, मग झाडाची.” कागद मी स्वतःच्या हातानं सोलून काढला. आता मी वालबोर्गबाईंना आधी विचारतो, कशा आहात, मग नेच्याला, मग समोर बघतो. योन्ना दर वेळी लांबून बघते आणि गाडीची मूठ धरून डोकं हलवते.

तर एवढंच घडलं. बेटावर कुणी काही विचारलं तर हे पत्र दाखवू नका. नुसतं सांगा, की एस्किलला डिसेंबरात सर्दी झाली होती. गुडघ्याला ऊब द्या, मांजराला माझा नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द वाचून तुम्ही नाक मुरडणार हे ठाऊक आहे),
एस्किल

ता. क. – कार्यालयातल्या माणसानं सांगितलं, की त्या कबरीत अजून एका कलशाची जागा आहे आणि ती आता माझ्या ताब्यात आहे. मी तर हिरवळीत जाणार; सही झालेली आहे, आणि रिगमोर वाट बघायला मुळीच तयार नसते. मग मला तुमची आठवण झाली. नाताळात तुम्ही म्हणाला होतात, की बेटावरच्या दफनभूमीत वारा फार आणि आपलं असं माणूस एकही नाही. इथे वारा लागत नाही. ओल आहे, अंधार आहे, डेलिया चार दिवस जगणार नाही, शेजारीण टेलिफोनवाली आहे. तुम्हाला जागा अजिबात आवडणार नाही. पण समोर तुमची बहीण आहे. घाईनं उत्तर देऊ नका.

पुन्हा ता. क. – पाकीट डकवलं होतं, ते फाडून लिहितोय. वरचं सगळं विसरा. तुम्ही डेलियांच्या हट्टापायी शंभरी गाठणार आणि मला पोचवूनच जाणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. पहिल्या ओळीपासून विचारायचं होतं ते हे, की येत्या महिन्यात रिगमोरचा वाढदिवस आहे आणि सकाळच्या फेरीनं तुम्ही याल का. गेल्या वर्षी मी एकटाच होतो. ती हिरवळीत भिंतीच्या बाजूला असावी असं मला वाटतं. तुम्ही आलात की म्हणाल, छे, ती रस्त्याच्या बाजूलाच असणार, आणि मग निदान तिच्यावरून आपल्याला नीट भांडता तरी येईल.